कीटकांतील क्षेत्ररक्षण आणि किशोर संप्रेरक

कीटकांतील क्षेत्ररक्षण म्हणजे मीलनाच्या संधीसाठी नर कीटकाने एखादी जागा ताब्यात ठेवणे आणि आपल्याच जातीच्या इतर नरांना तेथून हुसकावून लावणे. टाचण्या, चतुर, फुलपाखरे, रातकिडे, गांधीलमाश्या अशा अनेक कीटकगटांत हे वर्तन आढळते. जागा राखणाऱ्या नराला सामान्यतः अधिक माद्या मिळतात; परंतु त्यासाठी त्याला ऊर्जा, वेळ, रोगप्रतिकारक्षमता आणि कधी कधी आयुष्याचा काही भाग खर्ची घालावा लागतो. या देवघेवीमागील शरीरक्रियेत किशोर संप्रेरक, म्हणजेच ज्युव्हेनाइल हॉर्मोन, या रसायनाचा महत्त्वाचा वाटा आहे. ते नराला अधिक लढाऊ किंवा मादीला अधिक आकर्षक बनवते आणि त्याच वेळी त्याची रोगप्रतिकारक यंत्रणा दुबळी करते, असे काही कीटकांवरील प्रयोगांत आढळून आले आहे. लाभ आणि हानी एकाच रसायनाशी जोडलेली असल्यामुळे, केवळ लाभ घेऊन हानी टाळणे नराला सहज शक्य होत नाही.

क्षेत्र आणि त्याचे मोल

कीटकाचे क्षेत्र म्हणजे विस्तीर्ण प्रदेश नव्हे. ओढ्याच्या काठावरील काही हात लांबीचा पट्टा, जंगलातील उन्हाचा एखादा कवडसा किंवा जमिनीतील एखादे बीळ एवढेच ते असते. त्या जागेचे मोल मादीच्या येण्याजाण्यावर ठरते. टाचण्यांच्या अनेक जातींत मादी पाण्यातील वनस्पतींवर अंडी घालते. म्हणून अशा वनस्पती असलेला प्रवाहाचा भाग नरांना मोलाचा वाटतो. सह्याद्रीतील वाहत्या ओढ्यांवर आढळणाऱ्या न्यूरोबेसिस चायनेन्सिस या टाचणीचे नर असेच काठावरील दगडावर किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसून आपली जागा राखतात. त्यांच्या मागील पंखांचा धातूसारखा चकाकणारा हिरवा रंग प्रणयप्रदर्शनाच्या वेळी विशेष उठून दिसतो.

टाचण्यांच्या बाबतीत जागा राखण्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील कॅलोप्टेरिक्स मॅक्युलाटा या टाचणीचा नर मीलनाच्या वेळी मादीच्या शरीरात आधीच्या नराचे असलेले शुक्राणू प्रथम बाहेर काढतो आणि मग आपले शुक्राणू सोडतो, असे जोनाथन वागे यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या निरीक्षणानुसार आधीच्या शुक्राणूंपैकी ८८ ते १०० टक्के शुक्राणू अशा रीतीने काढले जातात. साहजिकच, अंडी घालण्यापूर्वी मादीशी शेवटी मीलन करणाऱ्या नराला बहुतांश पितृत्व मिळते. त्यामुळे केवळ मीलन पुरेसे नसते. मादी अंडी घालीपर्यंत प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवणेही तितकेच आवश्यक ठरते.

बहुतेक तंटे लवकर मिटतात. निकोलस डेव्हिस यांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळील वनात स्पेकल्ड वुड या फुलपाखराचा अभ्यास करून १९७८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या फुलपाखराचे नर वनभूमीवर पडणारे उन्हाचे कवडसे राखतात. दुसरा नर आला की दोघे गिरक्या घेत वर उडतात आणि काही क्षणांतच आगंतुक निघून जातो. मूळचा नर जवळजवळ नेहमीच जिंकतो, असे डेव्हिस यांना आढळले. मात्र दोघेही नर माघार घेण्यास तयार नसतील, तर तंटा लांबतो आणि तेथून खर्चाला सुरुवात होते.

खर्चाचे प्रकार

ऊर्जा : कॅलोप्टेरिक्स मॅक्युलाटाच्या नरांमधील दीर्घ लढतींचा अभ्यास जेम्स मार्डेन व वागे यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. या लढतींत चावणे वा जखमी करणे जवळजवळ नसते. दोन्ही नर एकमेकांभोवती घिरट्या घालत उडत राहतात आणि ज्याच्या शरीरातील मेदाचा साठा आधी ओसरतो तो माघार घेतो. जिंकणारा नर आकाराने मोठा असतोच असे नाही. पण त्याच्यापाशी हरणाऱ्यापेक्षा अधिक मेद शिल्लक असतो. म्हणजे ही झुंज बळाची नसून तग धरण्याची असते.

हा साठा पुन्हा भरून काढणे कठीण असते. युरोपातील कॅलोप्टेरिक्स स्प्लेंडेन्स या टाचणीच्या झँथोस्टोमा या उपजातीत, प्रौढ झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नर मेद साठवतात, नंतर क्षेत्रासाठी लढतात, आणि मेद संपला की क्षेत्र गमावून इतरत्र भटकत माद्या शोधू लागतात. अशा भटक्या नरांना पुन्हा क्षेत्र मिळवणे क्वचितच साधते.

शरीराची बांधणी : चतुरामध्ये उड्डाणाचे स्नायू शरीराच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असू शकतात. प्लॅथेमिस लिडिया या चतुराच्या ज्या नरांत या स्नायूंचे प्रमाण अधिक असते, ते मीलनासाठीच्या स्पर्धेत सरस ठरतात. परंतु त्यांच्या शरीरात पचनसंस्था आणि मेद यांचा वाटा कमी असतो, असे मार्डेन यांनी १९८९ मध्ये दाखवले. वेगाने उडण्यासाठी घडवलेल्या शरीरात उपासमारीच्या दिवसांसाठी फारसे काही उरत नाही.

परजीवी आणि शत्रू : चतुर व टाचण्यांच्या आतड्यांत ग्रेगॅरिन नावाचे एकपेशीय परजीवी राहतात. लिबेलुला पुल्केला या चतुरात त्यांचा प्रादुर्भाव झाल्यास मेदाचे ज्वलन नीट होत नाही, स्नायूंची कार्यशक्ती घटते आणि नर क्षेत्र राखण्यात कमी पडतो. शिवाय उघड्यावर सतत वावरणारा, रंगीत पंखांचा नर पक्ष्यांच्या नजरेस लवकर पडतो.

किशोर संप्रेरक

कीटकाच्या मेंदूच्या मागे कॉर्पोरा ॲलाटा नावाच्या अतिशय लहान ग्रंथींची जोडी असते. या ग्रंथींतून किशोर संप्रेरक थेट कीटकाच्या रक्तात, म्हणजे हीमोलिंफमध्ये, सोडले जाते. हे संप्रेरक सेस्किटर्पिनॉइड या रासायनिक वर्गातील असून त्याचे अनेक प्रकार ज्ञात आहेत. बहुतेक कीटकांत त्यांपैकी तिसरा प्रकार आढळतो.

या संप्रेरकाचा शोध क्षेत्ररक्षणाच्या संदर्भात लागलेला नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ हे १९३० च्या दशकात ऱ्होडनियस प्रोलिक्सस या रक्तशोषक ढेकणावर प्रयोग करत होते. या ढेकणाची पिल्ले रक्त प्यायल्यानंतर कात टाकून वाढतात. कोवळ्या पिल्लाच्या शरीरातील या ग्रंथींचा प्रभाव नाहीसा केला, तर ते वेळेआधीच प्रौढ होते; आणि शेवटच्या अवस्थेतील पिल्लात कोवळ्या पिल्लाच्या ग्रंथी बसवल्या, तर ते प्रौढ न होता मोठ्या आकाराचे पिल्लूच राहते, असे त्यांना दिसले. कीटकाचे बाल्य टिकवून धरणारे रसायन म्हणून त्याला हे नाव मिळाले. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेतील कॅरोल विल्यम्स यांनी सेक्रोपिया पतंगाच्या प्रौढ नरांच्या उदरातून या संप्रेरकाचा प्रभावी अर्क मिळवला, आणि १९६७ मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली.

बाल्य टिकवणारे रसायन प्रौढ नराच्या शरीरात कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. कीटक प्रौढ झाल्यानंतर या संप्रेरकाचे कार्य पालटते. रूपांतर रोखण्याची गरज संपलेली असते. आता ते प्रजननाशी निगडित कामे हाती घेते. अनेक जातींच्या माद्यांमध्ये ते अंड्यांतील बलक तयार होण्यास चालना देते, तर नरांमध्ये मीलनाशी संबंधित ग्रंथी, गंधद्रव्ये व वर्तन यांवर परिणाम करते. एकच रसायन आयुष्याच्या दोन टप्प्यांत दोन वेगळी कामे करते आणि प्रत्येक टप्प्यात एकाच वेळी अनेक अवयवांना आदेश देते. त्याच्या या बहुविध परिणामांतच क्षेत्ररक्षणाच्या खर्चाचे मूळ आहे.

टाचणीवरील प्रयोग

हेटेरिना अमेरिकाना ही टाचणी उत्तर व मध्य अमेरिकेतील ओढ्यांकाठी आढळते. तिच्या नराच्या पंखांच्या बुडाशी माणकासारखा लाल ठिपका असतो. काही नर काठावर क्षेत्र राखतात, तर काही क्षेत्राविना भटकतात. मेक्सिकोतील होर्हे कॉन्त्रेरास-गार्दुन्यो, आलेक्स कोर्दोबा-आगिलार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टाचणीच्या नरांना किशोर संप्रेरकासारखे कार्य करणारे मेथोप्रीन आम्ल दिले आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला ते दिले नाही. या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

रसायन मिळालेले नर क्षेत्ररक्षणात अधिक आक्रमक झाले. परंतु त्यांच्या शरीरातील फिनॉलऑक्सिडेज या विकराची क्रियाशीलता घटली. हे विकर कीटकांच्या रोगप्रतिकाराचा एक प्रमुख आधार आहे. शरीरात परजीवी शिरला की या विकराच्या साहाय्याने त्याच्याभोवती मेलॅनिन या काळ्या द्रव्याचे कवच तयार होते आणि परजीवी त्यात कोंडला जातो. कीटकांच्या शरीरात माणसाप्रमाणे प्रतिपिंडे तयार होत नाहीत. त्यामुळे ही व्यवस्था दुबळी होणे त्यांच्या दृष्टीने गंभीर असते. संप्रेरकाची मात्रा वाढताच झुंजारपणा वाढला आणि संरक्षण घटले, असा या प्रयोगाचा अर्थ होतो.

भुंगेऱ्यावरील प्रयोग

साठवणीच्या धान्यात व पिठात आढळणारा टेनेब्रियो मोलिटर हा भुंगेरा क्षेत्र राखणारा म्हणून ओळखला जात नाही. परंतु संप्रेरक आणि मीलनाचा खर्च यांतील दुवा त्याच्यावरील प्रयोगांतून स्पष्ट झाला. येन्स रोल्फ व मायकेल सिव्हा-जोथी यांनी २००२ मध्ये दाखवले की, मीलनानंतर या भुंगेऱ्याच्या शरीरातील फिनॉलऑक्सिडेजची क्रियाशीलता कमी होते आणि या घटीमागे किशोर संप्रेरक असते.

पुढच्याच वर्षी फिनलंडमधील मार्कुस रंताला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भुंगेऱ्याच्या नरांना किशोर संप्रेरक टोचले. अशा नरांचा गंध माद्यांना अधिक आकर्षक वाटू लागला; मात्र त्यांची फिनॉलऑक्सिडेजची क्रियाशीलता आणि परक्या वस्तूभोवती कवच घालण्याची क्षमता, दोन्ही घटल्या. टाचणीत आक्रमकता आणि भुंगेऱ्यात गंध अशी लाभाची रूपे वेगळी असली, तरी दोन्हींकडे हानी रोगप्रतिकारक्षमतेचीच झाली.

निरीक्षणात खर्च का दिसत नाही

केवळ निसर्गातील निरीक्षणे पाहिली, तर वरील निष्कर्षांच्या अगदी उलट चित्र दिसू शकते. कॅलोप्टेरिक्स व्हर्गो या टाचणीतील लढती जिंकणाऱ्या नरांची रोगप्रतिकारक्षमता हरणाऱ्या नरांपेक्षा चांगली असल्याचे आणि त्यांच्या शरीरात मेदही अधिक असल्याचे आढळले आहे. मग झुंजीसाठी मोजावी लागणारी किंमत गेली कुठे?

या कोड्याचा उलगडा आरी व्हान नोर्डव्हाइक आणि गेर्डियन दे यॉन्ग यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या विचारातून होतो. एका घरचे उदाहरण घेतल्यास तो सहज समजतो. ठरावीक उत्पन्नाच्या घरात लग्नावर अधिक खर्च झाला, तर शिल्लक कमी राहते. परंतु संपूर्ण गावाची पाहणी केली, तर ज्या घरी लग्न थाटाचे झाले त्याच घरी शिल्लकही मोठी असल्याचे बहुधा दिसते. कारण त्या घराचे उत्पन्नच मोठे असते. यावरून लग्नाला खर्च येत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याचप्रमाणे अळी वा पिल्लाच्या अवस्थेत भरपूर खाद्य मिळालेला नर झुंजीतही सरस आणि प्रतिकारातही सरस असू शकतो. त्याच्या संपन्नतेमुळे खर्च झाकला जातो.

संप्रेरकाच्या प्रयोगांचे महत्त्व येथेच आहे. अशा प्रयोगात नरांची विभागणी त्यांच्या संपन्नतेनुसार होत नाही. सारख्याच नरांपैकी काहींना रसायन दिले जाते व काहींना दिले जात नाही. उत्पन्न तेच ठेवून खर्च वाढवल्यावर शिल्लक किती उरते हे त्यामुळे थेट पाहता येते.

खर्च आणि संकेताचा खरेपणा

नराने आपले सामर्थ्य रंगातून, गंधातून वा लढाऊपणातून व्यक्त केले, तर मादीने किंवा प्रतिस्पर्ध्याने त्यावर विश्वास का ठेवावा, हा उत्क्रांतिशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. इस्रायली शास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्ये असे सुचवले की, संकेत महाग असेल तरच तो विश्वासार्ह ठरतो; कारण दुबळ्याला तो परवडत नाही. १९९२ मध्ये इव्हार फोल्स्टाड व ॲन्ड्र्यू कार्टर यांनी पृष्ठवंशी प्राण्यांच्या संदर्भात या विचाराला शरीरक्रियेची जोड दिली. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक नराची लैंगिक लक्षणे खुलवते आणि रोगप्रतिकारक्षमता दडपते. म्हणून ती लक्षणे खुलवण्याचा धोका निरोगी नरच पत्करू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कीटकांत टेस्टोस्टेरॉन ही भूमिका बजावत नाही. टाचणी व भुंगेऱ्यावरील प्रयोगांमुळे कीटकांत तिच्याशी मिळतीजुळती भूमिका किशोर संप्रेरकाकडे असावी, या कल्पनेला आधार मिळाला.

संप्रेरकाचा परिणाम प्राण्याच्या स्थितीवर अवलंबून असतो, हे कागदी गांधीलमाश्यांवरील अभ्यासातून पुढे आले. एलिझाबेथ टिबेट्स व अमांडा इझो यांनी पोलिस्टेस डॉमिन्युला या जातीच्या पोळे वसवणाऱ्या राणीमाश्यांवर असे प्रयोग केले. येथे प्रश्न मीलनक्षेत्राचा नसून पोळ्यातील वर्चस्वाचा होता. किशोर संप्रेरकाने वर्चस्व आणि प्रजननक्षमता वाढते. पण ही वाढ मोठ्या माश्यांत अधिक आणि लहान माश्यांत कमी असते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. सारखीच मात्रा सर्वांना सारखा लाभ देत नाही. त्यामुळे दुबळ्या कीटकाने केवळ अधिक संप्रेरक स्रवून सबळ असल्याचे सोंग आणणे त्याला फायद्याचे ठरत नाही.

आयुर्मानावरील परिणाम

किशोर संप्रेरकाचा संबंध आयुर्मानाशीही आहे. उत्तर अमेरिकेतील मोनार्क फुलपाखराच्या उन्हाळी पिढ्या प्रौढावस्थेत काही आठवडेच जगतात, तर शरद ऋतूत दक्षिणेकडे स्थलांतर करणारी पिढी अनेक महिने जगते. या स्थलांतरी फुलपाखरांत किशोर संप्रेरकाचे प्रमाण कमी असते आणि त्यांचे प्रजनन स्थगित राहते. विल्यम हर्मन व मार्क टाटार यांनी २००१ मध्ये दाखवले की, उन्हाळी फुलपाखरांच्या कॉर्पोरा ॲलाटा ग्रंथी काढून टाकल्यास त्यांचे आयुष्य लक्षणीयरीत्या वाढते. प्रजननाला चालना देणारा आदेश थांबला की शरीराची झीजही मंदावते, असे यावरून दिसते.

अन्य रसायने

क्षेत्ररक्षणाचे वर्तन एकट्या किशोर संप्रेरकावर अवलंबून नसते. त्याचा परिणाम तास वा दिवसांच्या गतीने घडतो. ऐन झुंजीच्या वेळी लागणारी तत्परता ऑक्टोपामीन या रसायनाकडून मिळते. कीटकांतील त्याचे कार्य पृष्ठवंशी प्राण्यांतील नॉरॲड्रिनलिनसारखे आहे. झुंजीत हरलेला रातकिडा नंतर काही तास दुसऱ्या नराशी लढण्यास तयार होत नाही. परंतु त्याला थोडा वेळ उडू दिले की त्याचा लढाऊपणा परत येतो, असे हान्स हॉफमन व पॉल स्टीव्हन्सन यांनी २००० मध्ये दाखवले. चीनमध्ये रातकिड्यांच्या झुंजी लावणारे लोक हरलेल्या किड्याला हवेत उडवून पुन्हा झुंजीस तयार करत आले आहेत. त्या जुन्या प्रथेला या प्रयोगाने शास्त्रीय आधार मिळाला.

अर्थ लावताना घ्यायची दक्षता

किशोर संप्रेरक हे खर्चाचे कारण आहे, असे म्हणण्यापेक्षा ते खर्चाचे नियोजन करणारे माध्यम आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरते. शरीरातील मेद व अन्नद्रव्ये मर्यादित असतात. ती स्नायूंकडे वळवायची की रोगप्रतिकाराकडे, याचा आदेश संप्रेरक पोहोचवते. काही वेळा मात्र अन्नाची टंचाई नसतानाही हे संप्रेरक रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांचे कार्य दडपू शकते. फळमाशीवरील संशोधनात असा परिणाम दिसला आहे. म्हणून प्रत्येक हानीचा हिशेब केवळ कॅलरींमध्ये मांडता येत नाही.

तसेच प्रयोगात दिलेली मात्रा नैसर्गिक मात्रेहून अधिक असू शकते, आणि फिनॉलऑक्सिडेज हा रोगप्रतिकाराचा एकच पैलू आहे. हे विकर कार्यरत होताना काही विषारी पदार्थही तयार होतात व ते कीटकाच्या स्वतःच्या ऊतींना अपाय करू शकतात. त्यामुळे या विकराचे प्रमाण अधिक म्हणजे आरोग्य उत्तमच, असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

उपयोजन

किशोर संप्रेरकाच्या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग कीटकनियंत्रणात झाला आहे. मेथोप्रीन हे त्याच्यासारखे कार्य करणारे कृत्रिम रसायन डासांच्या अळ्या असलेल्या पाण्यात टाकले जाते. अळीच्या शरीरातील हे संप्रेरक योग्य वेळी ओसरावे लागते. मेथोप्रीनमुळे तसे होत नाही आणि कोषातून प्रौढ डास बाहेर पडू शकत नाही. टाचणीच्या प्रयोगात वापरलेले मेथोप्रीन आम्ल याच रसायनाशी संबंधित आहे. अळीत तेच संप्रेरक वाढ अडवते आणि प्रौढ नरात झुंज पेटवते. दोन्हींकडे निर्णायक ठरते ती त्याची योग्य वेळ आणि योग्य मात्रा.